तालुक्याच्या गावातले गायनमास्तर गेले, मागे वह्या आणि कॅसेटी राहिल्या, आता काय करावं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरंच मोकळेपणाने लिहिलंय, ते आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबा तासगावला चाळीस-एक वर्षं गायन आणि पेटीचा क्लास चालवायचे, एका शाळेत अर्धवेळ संगीत शिक्षक होते, भजन-कीर्तनाला साथ करायचे. गेल्या वर्षी ते वारले. मागे दोन ट्रंका भरून वह्या, एक पिशवी कॅसेटी, एक जुनी पेटी, दोन तंबोरे, आणि हे सगळं सध्या सांगलीत गावभागात आत्याच्या घरी खालच्या खोलीत ठेवलंय. बाबा म्हणतात ट्रस्ट काढू आणि आजोबांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देऊ. आत्या म्हणते मिरजेच्या एखाद्या संस्थेला सगळं देऊन मोकळे व्हा. प्रश्न विचारणारे स्वतः पुण्यात नोकरीला, गाणं येत नाही, आणि विचारतायत की कॅसेटी डिजिटल करून यूट्यूबवर टाकल्या तर आजोबांचं काम टिकेल का. शेवटी एक वाक्य लिहिलंय, "ते काही मोठे कलाकार नव्हते म्हणा."

मी मिरजेत गाणं आणि पेटी शिकवते, संगीताच्या परीक्षांना मुलं बसवते. माझे गुरुजीही असेच तालुक्याच्या गावातले, ते गेल्यावर त्यांच्या वह्या लावायचं काम माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून सांगली-सातारा भागातली बरीच घरं अशा कामासाठी मला बोलावतात. म्हणून जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

तुमचा प्रश्न वरवर कॅसेटींचा आहे पण खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे असं मला वाटतं. गायनमास्तरांचं काम आणि मैफलीतल्या गायकाचं काम ही दोन वेगळी कामं आहेत. गायकाचं काम स्टेजवर होतं आणि ते रेकॉर्ड करता येतं. मास्तरांचं काम संध्याकाळी पाच ते आठ एका खोलीत होतं, समोर दहा-बारा मुलं, त्यातल्या चौघांना षड्ज म्हणजे साधा सा सुद्धा धरता येत नाही, दोघींना पुढच्या वर्षी घरचे पाठवणार नाहीत हे आधीच माहितीये, एका मुलाचा आवाज फुटायला लागलाय आणि तो लाजून तोंडच उघडत नाही, आणि द्राक्षाच्या हंगामात निम्मी मुलं बागेत. अशा खोलीत वर्षानुवर्षं काय केलं, कुणाला काय आधी दिलं, कुणाचं काय सोडून दिलं, हे त्यांचं काम. तुमच्या कॅसेटींवर बहुतेक गणेशोत्सवातलं गाणं असेल, एखादी गुरुपौर्णिमा असेल, कीर्तनाची साथ असेल. म्हणजे वर्षातले चार दिवस. नुसत्या त्यावरून आजोबांना तोलायला गेलात तर बाकीचं सगळं वर्ष तुमच्या हातून सुटतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. सगळ्यात जुने विद्यार्थी अजून आहेत का आणि गाऊ शकतात का, वह्यांमधलं अक्षर वाचता येतं का, कॅसेटींना बुरशी लागलीये का, घरातल्यांचं एकमत आहे का, आणि तुमच्याकडे महिन्याला किती शनिवार-रविवार आहेत. यातलं मला काहीच दिसत नाहीये, त्यामुळे क्रम माझा घ्या, वेग तुमचा तुम्ही ठरवा.

सगळ्यात आधी, अगदी या आठवड्यात, ट्रंका वरच्या मजल्यावर न्या. गावभाग नदीकाठचा, तिथे खालच्या खोलीत वह्या ठेवणं मला बघवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०२१ ला परत पाणी ५५ च्या आसपास आलंच. २०१९ ला जिल्हा नगर वाचनालयाची पुस्तकं कशी लगदा होऊन बाहेर काढावी लागली ते सांगलीकरांनी बघितलंय. शाईच्या पेनने लिहिलेली वही एकदा भिजली की स्वर राहत नाहीत, निळे डाग राहतात. कधी भिजल्याच तर उन्हात वाळत घालू नका आणि पानं ओढून सोडवू नका, एकेक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे बुरशी वाढायची थांबते आणि मग सावकाश, जाणत्या माणसाला विचारून एकेक वाळवता येते. पण ती वेळच येऊ नये.

मग विद्यार्थी. वह्या नाही, कॅसेटी नाही, आधी विद्यार्थी. कारण अगदी सरळ आहे, वही आणखी दोन वर्षं थांबेल, कॅसेटही बहुधा थांबेल, पण पंच्याहत्तरीच्या विद्यार्थिनीचा गळा थांबेलच असं नाही. पलूस भागातल्या एका घरी सगळं उत्साहाने सुरू झालं, आधी कॅसेटी घेतल्या, त्यात दोन उन्हाळे गेले, आणि तेवढ्यात त्या मास्तरांचे सुरुवातीच्या बॅचचे दोघं गेले. कॅसेटी आज छान स्वच्छ ऐकू येतात, पण मास्तर यमन कसा शिकवायचे हे विचारायला आता कुणी नाही.

आणि विद्यार्थ्यांच्या गळ्यातून गुरू ऐकायचा ही आपल्या भागाची तर रीतच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी इकडे आणली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर शिकले, मूळ आडनाव गाडगीळ, घराणं तुमच्या तासगावशेजारच्या पलूसचं म्हणून पलुस्कर, जन्म १८७२ चा कुरुंदवाडचा, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले. त्यांनी १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेतच जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन आणि प्रोफेसर देवधर त्यांचे शिष्य, आणि देवधरांकडे कुमार गंधर्व शिकले. बाळकृष्णबुवांचं गाणं आज आपल्यापर्यंत येतं ते या माणसांमधून येतं. तुमच्या आजोबांची साखळी एवढी नावाजलेली नसेल, पण ती असते त्याच पद्धतीने, आणि ती बऱ्याचदा घरच्यांनाच माहीत नसते.

ती शोधायची कशी तर ट्रंकेत हजेरीची आणि फीची वही शोधा. लोक चीजांच्या, म्हणजे बंदिशींच्या, वह्या जपतात आणि हजेरीच्या वह्या रद्दीत घालतात, माझ्या मते ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे. त्यात नावं आहेत, वर्ष आहे, कोण किती वर्षं टिकलं ते आहे, आणि फीच्या रकान्यात बघा, काही नावांपुढे महिनोन् महिने रकाना रिकामा असेल तरी हजेरी चालूच असेल. बेदाण्याचे पैसे आले की फी देणारी घरं होती, आणि कधीच न देणारीही होती, मास्तरांनी त्या मुलांना घरी पाठवलं नाही हे त्या रिकाम्या रकान्यात लिहिलेलं आहे.

एक अडचण येईल ती आधीच सांगते. मुलींची नावं माहेरची असतील. १९७५ ला क्लासला येणारी मुलगी आज इचलकरंजीला नाहीतर कऱ्हाडला वेगळ्या आडनावाने असते, त्यामुळे फेसबुकवर शोधून उपयोग होत नाही, तासगावात जाऊन तिच्या भावाला, वहिनीला, शेजाऱ्यांना विचारावं लागतं. हे काम आत्याला द्या. तुमच्यापेक्षा ती दहा पटीने लवकर करेल, आणि तिच्या मैत्रिणीच असतील त्यातल्या काही. या बायकांना सोडू नका असं मी मुद्दाम सांगते, कारण मुलग्यांपैकी बरेच नोकरीला लागल्यावर गाणं सोडतात, आणि या बायका सासरी भजनी मंडळ चालवतात, शेजारच्या मुलींना हरिपाठाच्या चाली शिकवतात, शाळेत प्रार्थना बसवून देतात. मास्तरांचं शिकवणं पुढे गेलंय ते बऱ्याचदा यांच्याच हातून, आणि "मी गुरुजींची विद्यार्थिनी" असं त्या कुठल्याही स्टेजवर सांगत नाहीत म्हणून त्यांची नोंद कुठेच होत नाही.

भेटल्यावर "गुरुजींबद्दल दोन शब्द सांगा" असं चुकूनही म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस लगेच सत्कार समारंभाच्या भाषेत शिरतो, ते ऋषितुल्य होते, शिस्तप्रिय होते, आणि पाऊण तास गेला तरी हाताला काही लागत नाही. त्याऐवजी गायला सांगा. पहिल्या दिवशी काय शिकवलं ते म्हणून दाखवा. पलटे, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, कुठले, कुठल्या लयीत, टाळी देत का पेटीवर. पहिला राग कुठला दिला, भूप का दुर्गा का आणखी काही. तुमचा सूर कुठला ठरवला, पेटीची काळी चार का काळी पाच, आणि ठरवताना काय करायला सांगितलं. ताल कसा शिकवायचे, तबलजी रोज असायचा का हातावरच मात्रा मोजायच्या. चुकलं की काय करायचे, थांबवायचे का पेटीवर तो स्वर धरून ठेवायचे. आवाज फुटला तेव्हा काय सांगितलं, हे पुरुष विद्यार्थ्यांना नक्की विचारा. काही मास्तर त्या वयात मुलाला गाणं बंद करून तबल्यावर नाहीतर पेटीवर बसवायचे, काही खालच्या सप्तकात हळू गायला लावून धीर द्यायचे, आणि त्यावर त्या मुलाचं पुढचं सगळं गाणं ठरलेलं असतं. या एका प्रश्नाला मला जी उत्तरं मिळालीत ना, ती छापील पुस्तकात कुठे वाचलेली नाहीत.

एक गोष्ट आवर्जून करा. एकच चीज तीन वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून म्हणून घ्या. समजा भूपातला छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीतली चीज आहे, तर तिघांचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, थोडा वेगळा येईल, एकाचा अंतरा, म्हणजे चीजेचा दुसरा भाग, साधा सरळ असेल, दुसरीच्या अंतऱ्यात तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, पुढे जाणारी जागा असेल. घरच्यांना वाटतं कुणीतरी विसरलंय. तसं असेलही, पण बऱ्याचदा मास्तरांनीच गळा बघून चीज बेतलेली असते, जिला वरचा गंधार सहज लागतो तिला तो दिला, ज्याला लागत नाही त्याला षड्जावरच थांबवलं. त्या तीन रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ठेवली की मास्तर डोक्यात काय विचार करत होते ते दिसायला लागतं. तुम्हाला गाणं येत नसलं तरी हे फरक ऐकू येतात, आणि नाही आले तर कुणातरी जाणत्याला ऐकवा.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन पेटीवर किंवा टेबलावर न ठेवता हात-दीड हात लांब उशीवर ठेवा नाहीतर भात्याचा आवाजच जास्त येतो. सुरुवातीला नाव, गाव, तारीख, कुठल्या वर्षी शिकलात हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. आणि हे कुठे लावायचं की फक्त घरात ठेवायचं हे त्यांना स्पष्ट विचारा. सत्तरीतला आवाज जगाला ऐकवायचा नाही असं कुणी म्हटलं तर तो मान ठेवा.

जाता जाता शाळाही बघा. तालुक्याच्या मास्तरांच्या स्वतःच्या रचना रागाच्या बंदिशींमध्ये फार कमी सापडतात, त्या सापडतात ईशस्तवन आणि स्वागतगीतात. स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण, शिक्षणाधिकाऱ्यांची भेट, प्रत्येक वेळी नवीन स्वागतगीत हवं असायचं आणि मास्तर रात्रीत चाल लावून द्यायचे. आजूबाजूच्या गावांमधल्या शाळांमध्ये ती चाल अजून चालू असू शकते, फक्त पाहुण्याचं नाव बदलतं. मी एकदा एका शाळेत परीक्षक म्हणून गेले असताना मुलींनी बागेश्रीच्या अंगाचं स्वागतगीत म्हटलं, इतकं नेटकं की मी विचारलं कुणाचं आहे, तर मॅडम म्हणाल्या आधीपासून असंच म्हणतात. ते "आधीपासून" म्हणजे कुणीतरी गायनमास्तर असतात. तुमच्या आजोबांच्या वहीत शब्द सापडले तर घेऊन जा आणि शाळेत ऐका.

इथपर्यंतचं थोडक्यात: ट्रंका वर, हजेरीची वही हातात, आत्याकडून माणसं शोधायची, सगळ्यात वयस्कर माणूस पहिला, आणि बोलण्यापेक्षा गायला लावायचं. आता वह्या.

वह्यांना पेन्सिलीने नंबर द्या, पानं फाडू नका, विषयवार लावू नका, ज्या क्रमाने ट्रंकेत निघाल्या त्याच क्रमाने ठेवा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपने फोटो चालतील पण पान काळं-पांढरं करणारं सेटिंग बंद ठेवा, कारण मास्तर पेन्सिलीने बारीक खुणा करतात आणि त्या उडून जातात. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय रंगीत पुरे. मधे खुपसलेली चिठ्ठी, परीक्षेचा निकाल, आकाशवाणीचं पत्र असं काही निघालं तर ज्या पानात होतं तिथेच फोटो काढा, त्यावरून वहीचं वर्ष कळतं.

आता एक जागा जिथे नेहमी घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्वरलिपी, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या पद्धती, दोन आहेत, विष्णु दिगंबर पलुस्करांची आणि पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची, आणि आपल्या भागात दोन्ही चालतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, म्हणजे वरचं सप्तक, आणि खाली टिंब म्हणजे मंद्र, म्हणजे खालचं. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. आणि तीच उभी रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर पाय मोडल्यासारखी हलन्ताची खूण करतात. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंड्यांकडे गुणिलेची फुली आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवतात त्या मात्रेला, शून्य, पलुस्करांकडे समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. म्हणजे लिपी न ओळखता कुणा टायपिंगवाल्याला वह्या दिल्या तर मंद्रातली चीज तारात जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ओळखायचं कसं तर आधी समेची खूण बघा, फुली दिसली की भातखंडे, १ आणि अधिक दिसले की पलुस्कर. काही मास्तर दोन्हींची सरमिसळ करतात, काहींची स्वतःची तिसरीच खूण असते, तेव्हा एखादा जुना विद्यार्थी शेजारी बसवून एक माहितीची चीज वहीत बघत म्हणून घ्यायची, सगळ्या खुणा उलगडतात. विद्यार्थी आधी म्हणते ते यासाठीही.

आणि सगळ्या चीजा टाइप करायच्या भानगडीत पडू नका. पारंपरिक बंदिशी छापील पुस्तकांमध्ये आहेतच. आजोबांनी ज्यात बदल केलाय, जिथे बाजूला एखाद्या विद्यार्थ्याचं नाव आहे, जिथे चाल त्यांची आहे, तेवढंच वेगळं काढा. क्लासची रोजची टिपणं निघाली, आज हे घेतलं, उद्या ते घ्यायचं, असली, तर त्या वह्या माझ्या दृष्टीने चीजांच्या वह्यांपेक्षा वरच्या.

कॅसेटी. मशीनमध्ये घालण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे टॅब मोडलेले आहेत का बघा, नसतील तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. फितीवर पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे, ती कॅसेट वाजवू नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, मशीनमधून बुरशी सगळीकडे पसरते. बऱ्या कॅसेटी आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, तिला सारखं पुढे-मागे करू नका. स्वस्तातले यूएसबी प्लेअर मिळतात ते टाळा, त्यांचा वेग हलतो आणि वेग हलला की सूर हलला, मग आजोबा काळी एकमध्ये गात होते का दोनमध्ये हेच कळणार नाही. एखादा जुना चांगला कॅसेट डेक दुरुस्त करून घेतलेला बरा, हेड स्पिरिटने पुसून. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला वेव्ह फाइलमध्ये घ्या, तासाला साधारण एक जीबी जागा लागते, आज ती काहीच नाही. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर लावू नका, त्याने खरखर जाते तशी तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही जातो. एक प्रत पुण्यात, एक तासगावात, एक आणखी कुणाकडे.

यूट्यूबवर टाकायचं तर आधी वर्गवारी करा. या पिशवीत हमखास रेडिओवरून उतरवलेलं किंवा विकतच्या कॅसेटची नक्कल केलेलं गाणं निघेल, ते आजोबांचं नाही, ते टाकू नका. आजोबांनी स्वतः रचलेले शब्द आणि चाली यांचा हक्क त्यांच्या पश्चात ६० वर्षं वारसांकडे राहतो, म्हणजे तुमचे बाबा, आत्या वगैरे, त्यामुळे घरात बोलून एका कागदावर लिहून घ्या. गायक-वादकांचाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, ५० वर्षांचा, तेव्हा तबल्याला कोण होतं ते शोधा आणि त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. निदान नाव तरी लिहा. तबलजीचं नाव न लिहिता टाकलेली रेकॉर्डिंग बघितली की मला फार वाईट वाटतं, तोही त्याच गावातला कुणीतरी शिंपीकाम नाहीतर दुकान सांभाळून रात्री साथीला आलेला माणूस असतो.

तंबोरे मिरजेला आणा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधी दीडशे वर्षांपासून शिकलगार घराण्यांतली माणसं इथे हे काम करतायत, शस्त्रांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. भोपळ्याला चीर गेली असेल तर ती दुरुस्त होते, खुंट्या घसरत असतील तर बसवून मिळतात, जवारी, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडीची केलेली घडण, काढून मिळते. फक्त सांगा की नवीन पॉलिश नको आणि आतला कागद किंवा नाव पुसू नका. तोपर्यंत तारा थोड्या उतरवून ठेवा. पेटीचं उलट आहे, ती न वाजवता ठेवली की भाता कडक होतो, आतलं कापड कसर खाते, सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, धूळ धरतात. पेटी शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही. दुरुस्त करा आणि तासगावातल्याच एखाद्या शिकणाऱ्या मुलीला वापरायला द्या, मालकी घरात ठेवून दिली तरी चालेल. संगीत परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळायला लागल्यापासून त्यांना बसणारी मुलं वाढलीत, आणि घरी पेटी नसल्यामुळे फक्त क्लासमध्येच सूर ऐकणारी मुलं माझ्याकडेही आहेत.

आत्यांच्या म्हणण्याबद्दल. संस्थेला द्यायला हरकत नाही, मिरजेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारखी जुनी संस्था आहे, पण कुठेही न विचारता ट्रंका नेऊन ठेवू नका. आधी यादी करा, त्यांना काय हवंय ते विचारा, ठेवणार कुठे आणि बघायला कुणाला मिळेल ते विचारा, लेखी पोच घ्या. आणि पहिल्यांदा प्रती द्या, मूळ वह्या स्कॅन आणि ओळख पूर्ण झाल्यावर.

बाबांच्या ट्रस्टबद्दल मी स्पष्टच लिहिते, त्यांना वाईट वाटू नये. ट्रस्ट सोसायटी म्हणून नोंदवायचा तर किमान सात माणसं लागतात, ट्रस्ट कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि हे सगळं पुण्यातून तुम्हीच करणार. पहिली तीन वर्षं पुरस्कार थाटात होतो, मग पाहुण्याचा प्रवासखर्च आणि हॉलचं भाडं यातच पैसे जातात. टिकलेले उत्सव बघा ना. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा संगीत उत्सव गायक अंतूबुवा जोशींनी त्यांचे गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केला, मिरजेत दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं होतं, खाँसाहेब १९३७ ला गेले. हे टिकले कारण मागे गाणारी माणसं होती आणि ती दरवर्षी येऊन गात राहिली. तुमच्याकडे ती माणसं कोण आहेत हे अजून माहीतच नाही, हजेरीची वही उघडल्यावर कळेल. तोपर्यंत बाबांना सांगा, तेच पैसे दरवर्षी दोन-तीन मुलांच्या परीक्षेच्या फीला आणि पेटी दुरुस्तीला द्या, आजोबांच्या नावाने द्या, पावतीवर नाव येऊ दे. आणि गुरुपौर्णिमेला तासगावातच कुणाच्या तरी घरी सगळ्या बॅचच्या लोकांना बोलवा, फलक नको, प्रमुख पाहुणे नकोत, सगळ्यांनी फक्त गायचं. ट्रस्ट काढायचाच असेल तर दोन-तीन गुरुपौर्णिमा झाल्यावर त्या खोलीतलीच सात माणसं घेऊन काढा.

गाणं येत नाही म्हणून मागे हटू नका. चांगली यादी, चांगली फाइलची नावं, तारखा, फोन नंबर, हे काम आमच्यासारख्या गाणाऱ्यांकडून नीट होत नाही आणि तुमच्याकडून होईल. फाइलच्या नावात विद्यार्थ्याचं नाव, गाव, राग, आणि रेकॉर्ड केल्याची तारीख एवढं तरी असू द्या. स्वरलिपीचं अडलं तर वेगवेगळ्या तीन-चार वह्यांच्या एकेका पानाचा स्पष्ट फोटो इथे टाका, समेची खूण दिसेल असा, लिपी कुठली आहे ते मी बघून सांगते.